भाताच्या तुसाची राख

शरदच्या मुलीचा रोह्याहून फोन आला, तेव्हा मी पेणच्या घरी कॉलेजच्या जुन्या वह्या आवरत होतो. बाबा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, म्हणाली. रडू येण्याआधी माझ्या मनात आलं, हेही लेकाच्याला किती सहज जमलं! महिना झाला, त्या विचाराची लाज वाटते. पण खोटं कशाला लिहू… आयुष्यभर मी त्याच्यावर जळत आलो.

तो माझा मित्र, हमरापूरच्या मूर्तिकारांच्या घरातला, रोह्याच्या एका कंपनीत भट्टीवर कामाला. मी उष्णतेचा विषय शिकवणारा प्राध्यापक. दगडाला भोक पाडायचं ते फोडून नव्हे, वितळवून, हे वेड मात्र दोघांचं. धातूच्या दांड्याचं तापून पिवळंधमक झालेलं टोक काळ्या दगडात दाबत न्यायचं. वितळलेला दगड कडेला सरकतो आणि थिजून भोकाला आतून काचेचं अस्तर होतं. टोकाची किती उष्णता दगड पिऊन टाकेल, याची गणितं माझी. भोक झकास पडायचं, पण निवताना काच तडकायची. दोन महिने मी आकडे बदलत राहिलो.

एका रविवारी शरदने त्याच्या परसात टोक काढल्याबरोबर अख्खा दगड तुसाच्या गरम राखेत पुरला. "तीन दिवस हात लावायचा नाय. मूर्ती वाऱ्यावर सुकवली की तडकते, तसंच हाय हे."

"माती सुकते, काच निवते. दोन्ही एक नव्हे," मी फणकारलो.

"नसंल. बघू तर."

चौथ्या दिवशी काच अखंड निघाली. बाहेरचं आधी आक्रसतं, आतलं मागे राहतं, म्हणून तडा जातो; माती काय, काच काय, कारण तेच. मला ते त्याच क्षणी कळलं. तरी मी म्हणालो, "योगायोग असेल." तो हसून चहा सांगायला आत गेला. 'तुझं बरोबर होतं', एवढे तीन शब्द पुढेही दर भेटीत ओठांवर यायचे आणि मी हवापाण्याचं बोलायचो.

परवा वहिनींना भेटायला गेलो. शेजारच्या आजी येऊन बसल्या होत्या. "तुमीच व्हय ते पेणचे सर? काच न तडकायची युक्ती तुमचीच ना? शरददादाच सांगायचा."

आता तरी… म्हणून मी सांगून टाकलं, "नाही हो, युक्ती शरदची. त्याचंच बरोबर होतं."

आजी वहिनींकडे बघून हसल्या. "बगा, शरददादा म्हणायचा तेच! सर कदी सोताकडं मोठेपणा घ्यायचे नायत."

वहिनींनी कौतुकाने मान हलवली. समोर त्याची आरामखुर्ची रिकामी होती. इतका हेवा मला त्याचा जन्मात वाटला नव्हता.