एका तुकड्याने हुकलेला चौरस

गल्लीत त्याला सगळे फरशीवाला म्हणत. बायको भट्टी लावायची, तो फरशी बसवायचा. लोकांच्या खोल्या सजवता सजवता दोघांचे केस पिकले, स्वतःच्या खोलीत मात्र उघडं सिमेंटच राहिलं. शेवटी तिने हट्टाने घरासाठी इंचभराचे चौकोनी निळे तुकडे भाजले. ओळीत एकशे दोन आणि ओळीही एकशे दोन; दहा हजार चारशे चार तुकडे, पुरा चौरस. ती भट्टी निवली आणि थोड्याच दिवसांत तीही गेली. तो निळा रंग ती मुठीच्या अंदाजाने कालवायची. तो अंदाजही गेला.

टोपल्या बरेच दिवस भिंतीशी पडून होत्या. मग एकदा मनाचा हिय्या करून त्याने वाळू पसरली आणि आपल्या रीतीप्रमाणे, सिमेंट लावण्याआधी, भिंतीलगत चारी बाजूंनी दोन-तीन इंचांची पट्टी सोडून सगळे तुकडे कोरडेच मांडले. खिडकीकडच्या कोपऱ्यात शेवटचा तुकडा ठेवायला वाकला, तर तोच हातातून निसटून गुडघ्याखाली आला. कट्कन आवाज झाला. चुरा.

मेहुणी डबा घेऊन आली तेव्हा तो त्या भोकाकडे बघत बसला होता.

“दाजी, बसवा की एखादा पांढरा. कोण बघतंय?”

“मी बघतोय ना.”

“मग ती एक ओळच काढून टाका.”

“तिने भाजलेला एकही तुकडा बाहेर राहायचा नाही. आणि भोकही नको.”

“ताई म्हणायची ते खोटं नाही. तुमचं लग्न भागाकाराशीच व्हायचं, चुकून तिच्याशी झालं!”

तो हसला. मेहुणी गेली आणि ते हसू खोलीत एकटंच उरलं.

दहा हजार चारशे तीन. चौरस नाही तर नाही, लांबट चौकोन तरी जमावा. त्याने दोनाने भागून पाहिलं, तिनाने, साताने, तेराने. बाकी उरतच होती. शंभरापर्यंत गेला आणि हात टेकले. म्हणजे आता एकच लांबच लांब रांग, दारातून बाहेर, गल्लीच्याही पार. कुणाशीच न जमणारी संख्या. त्याला तिची कीव आली, आपली यावी तशी.

सकाळी ते भोक बघवेना, म्हणून खिडकीकडची ती ओळच तो उचलू लागला. तुकडे ठेवायला जागा नव्हती, म्हणून उरलेल्या प्रत्येक ओळीच्या टोकाशी एकेक ठेवत गेला. हातातला शेवटचा तुकडा शेवटच्या ओळीला लागला आणि तो तसाच उकिडवा थबकला. एकशे एक ओळी, ओळीत एकशे तीन. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. शंभरावर थांबला होता तो. उत्तर पुढच्याच पायरीवर उभं होतं.

भिंतीलगतची सिमेंटची पट्टी एकीकडे इंचभर रुंदावली, दुसरीकडे अरुंद झाली, इतकंच. फरशी पक्की बसली.

“दाजी, तुटलेला कुठला हो? कळतसुद्धा नाही,” मेहुणी म्हणाली.

“नाही कळत,” तो म्हणाला.

ती गेल्यावर तो खिडकीशी बसला आणि राखाडी पट्टीवर कितीतरी वेळ हात फिरवत राहिला. काही कमी दिसू नये म्हणून एवढा जीव आटवला होता. आता खरंच काही कमी दिसत नव्हतं, आणि बोट ठेवून ‘इथे’ म्हणावं, अशी जागाही त्या खोलीत उरली नव्हती.