हाल्वोरच्या शेडमधली घरघर

हाल्वोर लियनच्या शेडमध्ये पुन्हा भट्टी लागली, हे त्या हिवाळ्यात सगळ्यात आधी मला कळलं. कळलं म्हणजे ऐकू आलं. त्याच्या आणि माझ्या अंगणामध्ये एक बर्चचं झाड आणि ढीगभर बर्फ, एवढंच काय ते आड येतं, आणि माझे कान पहिल्यापासून तिखट. दुपारच्या बातम्या संपल्या की त्याच्या शेडमधून बारीक घरघर सुरू व्हायची. मध्येच बंद पडायची. मग हाल्वोरच्या शिव्या. मग पुन्हा घरघर.

आमच्या ट्रोंडेलाग भागात एखाद्याने शेडच्या खिडकीला आतून गोणपाट लावलं, तर तो आत काय करतोय हे कुणी विचारत बसत नाही. घरची दारू इथे पिढ्यान्‌पिढ्या गाळतात आणि तिच्याबद्दल बटाट्याच्या पिकाबद्दल बोलावं तसं बोलतात. दुकानदार आर्न्टच्या कानावर मी ही गोष्ट घातली, तेव्हा त्याला राग आला, पण तो भट्टीचा नव्हे. हाल्वोरने अजून आपल्याला चव दाखवली नाही, याचा आला.

पण हाल्वोरची गोष्ट वेगळी होती. तो लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. करवतीच्या आवाजाने त्याचा डावा कान कायमचा खाल्ला आणि उजवाही अर्धामुर्धा ठेवला. बायको लवकर गेली. मग तो प्यायला लागला, इतरांसारखाच, फक्त इतरांपेक्षा जरा जास्त. एका मार्चमध्ये तो मुलीला, सुनिवाला, स्कीच्या शर्यतीहून आणायला गेला तो पिऊनच. परतताना गाडी ओढ्यात गेली. सुनिवाच्या घोट्याचा चुरा झाला. गाडीच्या टपावर तिच्या स्की होत्या, हाल्वोरने स्वतः रंधा मारून केलेल्या. त्याही मोडल्या. त्याने घरातली सगळी दारू बर्फात ओतली आणि त्यानंतर थेंबाला शिवला नाही.

सुनिवा दूर बर्गेन शहरात नर्स झाली. दर ईस्टरला येते. गाडीतून उतरली की आधी बापाला मिठी मारते, आणि बघणारे म्हणतात, काय माया आहे पोरीची! मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट बघते. ती नाक त्याच्या तोंडाजवळ नेते आणि श्वास घेते. तोवर हाल्वोर हात खाली सोडून उभा असतो, डॉक्टरपुढे उभा राहावा तसा. तिचं झालं की मगच तो तिच्या पाठीवर हात ठेवतो. मला हे बघवत नाही, तरी मी बघते.

मागच्या ईस्टरला निघताना ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, "बोर्गहिलमावशी, तू शेजारी आहेस. काही वावगं दिसलं तर मला फोन कर. मग मी येणार नाही. कधीच."

तेव्हा पाळत ठेवणं हे माझं कामच होतं, कुणी मला नाक खुपसणारी म्हणू नये.

आणि दिसण्यासारखं भरपूर होतं. हाल्वोरने माझ्या गोठ्यातला दुधाचा जुना कॅन मागून नेला. कशाला, ते सांगितलं नाही. टाकून दिलेल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काढला, त्याची तांब्याची नळीही काढली. कॅन, नळी, बंद खिडकी. याहून जास्त काय हवं? शेडजवळून गेलं की नाकात झोंबणारा वास यायचा. तो माझ्याकडे कॉफीला येईनासा झाला, रस्त्यात भेटला तर नजर चुकवायचा. मी आर्न्टला विचारलं, साखर आणि यीस्ट किती नेतो? काहीच नाही, म्हणाला, म्हणजे गाळत नसेल. मी म्हटलं, गाळतोय, आणि हुशारही झालाय. पलीकडच्या गावातून आणत असणार.

ईस्टर तोंडावर आला. सुनिवाचा नंबर काढून मी फोन हातात घेऊन बसले होते. पण ऐकीव गोष्टीवर मी कुणाचं घर मोडत नाही. मोडायचंच तर डोळ्यांनी बघून मोडते. ताटलीत गरम वाफल घेतले, वर तपकिरी चीज ठेवलं आणि गेले. दार वाजवून उपयोग नव्हता, त्याला ऐकू येत नाही. सरळ उघडलं.

आत बाटली एकही नव्हती. लांब टेबलावर फळ्यांचा कमानदार साचा होता, आणि त्यावर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. पिशवीतून तांब्याची नळी निघून माझ्या कॅनमध्ये गेली होती, कॅनमधून कॉम्प्रेसरला. हाल्वोरच्या हातमोज्यांना चिकट डिंक लागला होता आणि चेहरा रडवेला होता.

"बाटल्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"बोर्गहिल, तुझे कान शाबूत आहेत ना?"

"आहेत तर."

"का भिंतीला लावून लावून झिजले?"

मी ताटली आदळली. पण तो भांडायला बोलत नव्हता. त्याने कॉम्प्रेसर बंद केला आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळासारख्या तबकडीकडे बोट दाखवलं. काटा हळूहळू घसरत होता.

"कुठूनतरी हवा आत शिरतेय. मला ऐकू येत नाही. स्कीची मागची जोडी अशीच गेली, थर बोटाने सोलले गेले. हा डिंक आता सुकायला लागेल आणि काचेच्या धाग्यांचं कापड संपलंय. ऐक जरा."

मी पिशवीवर वाकले. गिरणीत कान गेलेल्या माणसाला तो आवाज जन्मात ऐकू आला नसता. किटली उकळण्याआधी कुजबुजते, तेवढाच होता. कडेकडेने कान नेत गेले. नळी पिशवीत शिरते तिथे चिकटपट्टीला एक चुणी पडली होती. मी तिच्यावर अंगठा दाबला. कुजबुज थांबली.

हाल्वोरने कॉम्प्रेसर लावला. पिशवी आकसून लाकडाला घट्ट बिलगली, काटा चढला आणि तिथेच राहिला. तो चुणीवर लांबीचा लगदा थापेपर्यंत मी अंगठा हलवला नाही. थापता थापता तो सांगत होता. पिशवीतली हवा ओढून घेतली की बाहेरची हवाच लाकूड, कापड आणि तळ सगळीकडून सारखं दाबते. लोखंडी दाबयंत्र त्याला परवडणारं नव्हतं. आणि दुकानातल्या स्की ताठ असतात, सुनिवाचा घोटा तासाभरात दुखायला लागतो. तिला नरम हव्यात, मध्ये पातळ.

"मग आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू विश्वास ठेवला असतास?"

नसता ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हाही पुरता ठेवला नव्हता. तो हात पुसायला वळल्यावर मी कॅनच्या झाकणाशी नाक नेलं. डिंकाचाच वास होता. हाल्वोरने ते बघितलं आणि एक वाफल उचलला.

सुनिवा आली तेव्हा मी खिडकीत थांबले नाही, अंगणातच गेले. तिने मिठी मारली, श्वास घेतला आणि ताठ झाली. कापडी कोट, केस, हात, हाल्वोरच्या सगळ्या अंगाला तो झोंबणारा वास होता. ती मागे सरली. गाडीची किल्ली अजून तिच्या मुठीत होती.

"कसला वास आहे हा?" तिने त्याला नाही, मला विचारलं.

हाल्वोर घाईघाईने कोटाला हात पुसू लागला. असा हात पुसणारा माणूस दोषीच दिसतो.

"शेडमध्ये जा आणि स्वतः बघ," मी म्हटलं. "मीही तसंच केलं."

स्की भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, बर्चच्या रंगाच्या, कडेला पोलादाची पट्टी. सुनिवाने एक उचलली, जमिनीला टेकवून वाकवली. मध्यभागी ती सहज वाकली. तिने पुन्हा वाकवली. मग किल्ली खिशात टाकली आणि बापाच्या गळ्यात पडली. तोंड त्याच्या डाव्या कानाशी होतं. तिथेच ती काहीतरी बोलली, आणि मला ते ऐकू आलं.

"काय?" हाल्वोर म्हणाला.

"काही नाही. छान वाकते म्हटलं."

त्याने मान डोलावली आणि पोलादाच्या पट्टीबद्दल सांगू लागला. सुनिवा खाली बघत राहिली. ती ते दुसऱ्यांदा बोलणार नव्हती. आमच्याकडची माणसं असलं बोलणं बहिऱ्या कानातच बोलतात. मला संताप आला. मी हाल्वोरच्या उजव्या बाजूला गेले आणि ओरडून सांगितलं, "ती म्हणाली, बाबा, यापुढे मी वास घेणार नाही."

हाल्वोरने आधी माझ्याकडे संशयाने बघितलं. मग तिच्याकडे. ती मानेने हो म्हणत होती.