हिरव्या चिंधीचं गाठोडं

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर आईनं आधी माझ्या ट्रंकेला, मग पिशवीला आणि शेवटी माझ्या शर्टाच्या बटणाला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली, तेव्हा मी एम.एस्सी. झालेला, मिशा राखलेला तरणा गडी होतो. सगळा स्टँड पाहत होता. आई कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, हिरव्या चिंधीचं सारं सामान एकाच जागी जाते. आन हे पोरगं बी त्या सामानातलंच समजा."

गावात राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि ज्यांची पोरं कुरिअरच्या जमान्यात वाढली, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे एसटीनं माणसांइतकीच गाठोडी प्रवास करायची. लाखोळीची डाळ, सुके झिंगे, नव्या धानाचे पोहे. पत्ता कोणी लिहीत नसे. ज्याच्या त्याच्या घराच्या चिंधीचा रंग ठरलेला. नागभीडला माझी आत्या उभी असायची. हिरवं दिसलं की उचललं.

हैदराबादला उतरल्यावर मी चिंधी सोडून खिशात घातली आणि शहरी माणूस झालो. निदान तसा अभिनय तरी केला. तेलुगू शिकलो, पुलिहोरा नावाच्या चिंचेच्या भातावर जीव जडला, आणि सगळे ज्याचं कौतुक करतात ते गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी, हे कळल्यावर एकटाच खूप हसलो. काम मात्र गावचंच मिळालं. धानाचं. फक्त शेतातल्या बांधीऐवजी कुंडीत, आणि चिखलाऐवजी पांढरा कोट घालून.

बाबा गेले, तशी मी आईला बोलावून घेतलं. म्हणालो, पाहुणी म्हणून ये. मनात होतं, आता परत पाठवायचंच नाही. तिनं ते ओळखलं असावं, कारण येतानाच परतीचं तिकीट काढून आणलं.

एका रविवारी तिला आमचं धानाचं काचघर दाखवायला नेलं. तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत येऊन पाहतो तर आई कुंडीकुंडीत पाणी घालत फिरते आहे, आणि वॉचमन यादय्या बादली धरून तिच्या मागं. "अम्मानं सांगितलं, सार," तो तेलुगूत म्हणाला. आई धानाशी बोलत होती. "घसा कोरडा पडला ना माह्या लेकरायचा. कोनी पाह्यत नाई व तुमच्याकडं."

ते धान आम्ही मुद्दाम तहानेलं ठेवलं होतं. सगळा प्रयोग त्या तहानेवर उभा होता. मी दंडारीच्या नाटकात मुकुट गेलेल्या राजासारखा तिथंच बसलो.

घरी आल्यावर आईनं पिशवी भरायला घेतली. "तुह्या कामाची माती केली म्या. मले गावाले जाऊ दे." अशी गेलेली आई पुन्हा येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी जमिनीवर तिच्याशेजारी बसलो.

"पन धानाले काऊन तरसवून राह्यला रे?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, आई, झाडाची एकेक पेशी म्हणजे गाव समज. पाणी तुटलं की झाड गप्प बसत नाही. पानावर लावायला मेण करतं, क्षार बाजूला काढणारे पंप करतं. हा माल पेशीत बारीक पिशव्यांतून जातो. आम्ही त्यांना व्हेसिकल म्हणतो. कोणती पिशवी कुठं उतरवायची, याची खूण काही जनुकं तयार करतात. आमच्या अर्ध्या कुंड्यांतल्या धानात तसलं एक जनुक बिघडवलेलं आहे. दोन्हीकडं माल तयार होतो; पण एकीकडं तो पोचतच नाही. किती बिघडतं हे तहान लागल्याशिवाय दिसत नाही. मग पाणी द्यायचं आणि कोण उठून उभं राहतं ते पाहायचं.

आई बराच वेळ पिशवीची गाठ चाचपत राहिली. "म्हंजे गाठोडं हाय, पन चिंधी नाई."

"हो."

"मंग आत्या बिचारी स्टँडवर उभीच."

तरी ती गेली. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "पुन्हा पेरजो. तरसव, का करतं ते कर. पन पानी द्याच्या दिवशी मले बोलावजो. पानी मीच देईन."

मी मान हलवली. विश्वास मात्र ठेवला नाही.

पुन्हा पेरलं. धान वाढलं, मग पाणी तोडलं. पानं सुरळ्या होऊन पिवळी पडली. मी गावी फोन केला. म्हणालो, पाणी द्यायची वेळ आली. तिनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. एवढा एकच शब्द काळजात घेऊन मी गावाकडच्या गाडीच्या वेळेला स्टेशनवर गेलो.

गाडीतून आधी पिशवी उतरली, मग डबा, मग आई. तिघांनाही हिरवी चिंधी. आईच्या मनगटाला.

"घे," ती म्हणाली. "पोचलं गाठोडं."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या कुंड्यांना पाणी दिलं. यादय्यानं बादली धरली, या खेपेला माझ्या परवानगीनं. चांगलं धान हळूहळू मान वर काढू लागलं. बिघडवलेलं तसंच पडून राहिलं. आमच्या नोंदी झाल्या, तरी आई रोज जाऊन त्या पडलेल्यांना घोटभर जास्त पाजून येत होती. मी मुद्दाम छताकडे पाहत होतो.

परतीच्या तिकिटाचा तिनं विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. एका सकाळी पाहतो तर तिनं गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी फडक्यात बांधलेली, आणि लुगड्याचा काठ फाडून चिंधी लावणं चाललेलं. "चंद्रपूरच्या बसवाल्याजवळ दे. तो पुढं नागभीडच्या गाडीत ठेवून देईन. आत्या पाह्यते."

गाठोडं जिथून निघतं आणि जिथं पोचतं ते घर, एवढं मी लहानपणीच शिकलो होतो. त्या सकाळी आईनं माझ्या स्वयंपाकघरात बसून हिरवी गाठ मारली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या हैदराबादच्या घरून गाठोडं निघालं.