ऑइलचा दिवा विझला, पण गाडी बरी नव्हती

मित्रांनो, आज मामाची हायब्रिड गाडी माझ्या हातानं बिघडली. याच गाडीत मी मामीले नागपूरले डायलिसिसले नेतो. उद्याच न्यायचं आहे.

तुमसरहून येऊन राहिलो होतो. इंजिन ऑइलचा लाल दिवा लागला. तेवढ्यात गाडी बॅटरीवर गेली अन् दिवा विझला. मले वाटलं, झालं ठीक! आंधळगावजवळ तलावात मासेमार जाळं ओढत होते, ते गाडी थांबवून पाहत बसलो. पुढं कारध्याच्या पुलावर इंजिन सुरू झालं अन् खडखडून जाम झालं.

मिस्त्री म्हणाला, "बाबू, इंजिनच बंद झालं म्हणून दिवा विझला. ऑइल पंपाची जाळी गाळानं बुजली आहे. ऑइल बदललंच नाही काय?"

नाही बदललं.

मामा एवढंच बोलला, "मासोळ्या पाहाले थांबला, मंग दिव्यासाठी काहून नाही थांबला बे?"

तुम्ही माझ्या जागी असते, तर मामाले काय सांगितलं असतं?