वसूताईंनी उतरवलेलं फ्लायव्हील

वसुंधरा वर्तक यांनी माणिकपूरच्या गॅरेजमधून स्वतःच्या गाडीचं इंजिन परत आणलं तेव्हा त्यांना चौसष्टावं लागलं होतं. मागे टेम्पोत ताडपत्रीखाली इंजिन आणि पुढे ड्रायव्हरशेजारी त्या. आगाशीच्या नाक्यावर कुणीतरी विचारलं, "ताई, झालं का काम?"

"झालं होतं," त्या म्हणाल्या. "तेच खोलायला घरी आणलंय."

मी त्यांच्या कुंपणापलीकडे राहतो. मागची हकीकत त्यांनी वेळोवेळी सांगितली, पुढची मी पाहिली.

वर्तकांची केळी-नारळाची वाडी. वसूताईंचे वडील, चंद्रहास वर्तक, यांनी कुणाची तरी वापरलेली सत्तावन सालची फियाट घेतली होती. त्या गोलमटोल गाडीला लोक डुक्कर फियाट म्हणत. चंद्रहासभाऊ ती स्वतःच दुरुस्त करत आणि पाने हातात द्यायला ही थोरली मुलगी. मॅट्रिक झाल्यावर तिने आयटीआयला मोटर मेकॅनिकचा अर्ज भरला. वर्गात अठ्ठावीस मुलगे आणि ही एकटी. पहिल्या तिघांत पास झाली.

पण एकाही गॅरेजने ठेवून घेतलं नाही. एक म्हणाला, गिऱ्हाईक पळेल. दुसरा म्हणाला, आमच्याकडे बायकांसाठी संडास नाही. शेवटी एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपात जागा मिळाली, तीही स्टोअरच्या खिडकीआड. सदतीस वर्षं वसूताई त्या खिडकीतून मेकॅनिकांना बेअरिंग, बोल्ट, क्लच प्लेटा देत राहिल्या. इंजिनावर काम करू द्या म्हणून त्यांनी तीनदा लेखी अर्ज केला. तीनदा नकार आला. तिन्ही नकार त्यांनी जपून ठेवलेत. लग्न का केलं नाही असं विचारलं की म्हणत, "राहिलं," आणि पुढचं बोलायला लागत.

निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी वाडीतल्या शेडचं कुलूप उघडलं. वडील गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, फियाट तिथेच उभी होती. धाकटा भाऊ विद्याधर म्हणाला, "ताई, हे भंगार आहे."

"भंगार कशाला म्हणायचं ते मी ठरवीन."

सहा वर्षं लागली. इंजिन सुटं करून, जे घासायचं ते बाहेरून घासून आणून, त्यांनी पुन्हा जोडत आणलं. मग उजवा खांदा आखडला. हात डोक्यावर जाईना. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. नेमकं फ्लायव्हील बसवायचं राहिलं होतं. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला बोल्टांनी आवळतात ते हे जड लोखंडी चाक. इंजिनाचे झटके तेच पोटात घेतं, क्लचही त्यालाच चिकटून काम करतो. वजन नऊ किलो. म्हणून नाइलाजाने त्यांनी इंजिन माणिकपूरला जितेंद्र नावाच्या जाणत्या मेकॅनिककडे पाठवलं आणि सोबत नव्या बोल्टांची पुडी दिली.

दोन दिवसांनी बघायला गेल्या त्या डायल गेज घेऊनच. त्याची बारीक दांडी चाकाच्या सपाट तोंडाला टेकवायची आणि चाक हळूहळू फिरवायचं. चाक वाकडं बसलं असेल तर तबकडीवरचा काटा हलतो. दहा घरांपर्यंत ठीक. काटा वीस घरं गेला.

"उतरवा," वसूताई म्हणाल्या.

जितेंद्र हसला. "काकू, जुनी गाडी आहे. एवढं चालतं. विमानाला लावायचंय का?"

गॅरेजमधले बाकीचेही हसले.

"क्लच थरथरेल. उतरवा आणि परत बसवा."

"तीस वर्षं इंजिनं बसवतोय मी. तुम्ही स्टोअरला होता ना?"

"हो, स्टोअरला होते. म्हणूनच दिसतंय मला, हे बोल्ट जुने आहेत. माझी पुडी तिथे फळीवर आहे, न फोडलेली."

चारचौघांत माघार कशी घ्यायची म्हणून तो म्हणाला, "एवढंच वाटतं तर घरी नेऊन खोला."

"नेते," म्हणून त्यांनी फळीवरची पुडी उचलली आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.

घरी विद्याधर चिडला. "खांद्याचं काय? हट्टाला काही सीमा?"

"खांदा माझा, इंजिन माझं. तू बाजूला हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये इंजिन लाकडी घोडीवर चढलं. मदतीला विद्याधरची बायको रुक्मिणी, बघायला मी. तिने जन्मात पाना धरला नव्हता. "ताई, मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली.

"कळायला नको. मी सांगेन तिथे दाबून धर."

रुक्मिणीने चाकाच्या कडेच्या दात्यांत लोखंडी पट्टी अडकवून ते फिरू दिलं नाही आणि वसूताईंनी डाव्या हाताने एकेक बोल्ट सोडवला. चाक निघालं. क्रँकच्या टोकाच्या गोल थाळीवर जुन्या रंगाचा सुकलेला पापुद्रा होता, नखाएवढा. तो न काढताच वर चाक आवळलं होतं. वसूताईंनी तो खरवडला, थाळी पेट्रोलने पुसली, धारेच्या दगडाने घासून बोट फिरवून पाहिली.

आता नऊ किलो वर कसं न्यायचं? त्यांनी विहिरीची कप्पी शेडच्या तुळईला बांधून घेतली. समोरासमोरच्या दोन भोकांत बिनडोक्याचे लांब बोल्ट फिरवले, म्हणजे चाक त्यांच्यावरून सरळ सरकत जाईल. रुक्मिणीने दोर ओढला, चाक वर आलं आणि वसूताईंनी ते दोन बोटांनी जागेवर सारलं. बोल्ट लावले. डायल टेकवला.

पंधरा घरं.

दारात उभा असलेला विद्याधर म्हणाला, "बघ. तो तरी वेगळं काय सांगत होता?"

वसूताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. खांदा ठणकत होता, तोंड पांढरं पडलं होतं. रुक्मिणी म्हणाली, "उद्या करू या का?"

"नाही. पुन्हा काढ."

चाक पुन्हा उतरलं. या वेळी त्यांनी चाकाची पाठ उन्हात धरून तिरप्या नजरेने पाहिली. मधल्या भोकाजवळ, पूर्वी कधी कुणीतरी पेचकस घालून चाक उचकटलं होतं, तिथे लोखंडाची बारीक कड उठली होती. डोळ्याला जेमतेम दिसणारी. ती त्यांनी घासून सपाट केली. मग विद्याधरला हाक मारली, "उभा आहेस तर घोडी धर, हलतेय." आणि त्यानेही, काय वाटलं कोण जाणे, धोतराच्या सोग्याला हात पुसून घोडी धरली.

तिसऱ्यांदा चाक चढलं. नवे बोल्ट एकाआड एक, समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळले. शेवटच्या फेरीला, ठरलेला जोर लागताच, टॉर्क पाना प्रत्येक बोल्टावर कट्‌ वाजला. मग डायल. रुक्मिणी चाक फिरवत होती आणि आम्ही सगळे काट्याकडे बघत होतो.

"किती, ताई?"

"चार." वसूताई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "आता बोल्ट सुटू नयेत म्हणून त्यांच्याखालच्या पट्टीचे कान वाकवायचे राहिलेत. हातोडी दे."

महिन्याभराने फियाट वाडीबाहेर आली. गिअर पडला तेव्हा क्लच थरथरला नाही. शेजारी रुक्मिणी, मागे विद्याधर. बोळींजपर्यंत गेले आणि आले.

हे माणिकपूरला पोचायला वेळ लागला नाही. दिवाळीनंतर जितेंद्रचा फोन आला. एका जुन्या जीपचा क्लच थरथरतोय, तेवढा डायल द्याल का दोन दिवस?

"डायल बाहेर जात नाही," वसूताई म्हणाल्या. "जीप इकडे आणा. आणि तुम्हीही या, चाक वर ओढायला माणूस लागतो."

तो आला. त्या दिवशी कप्पीचा दोर त्यानेच ओढला. वसूताईंनी नंतर शेडवर पाटी लावली: वसुंधरा वर्तक, मोटर मेकॅनिक. विद्याधर म्हणाला, या वयात पाटी कशाला? त्यांनी तीच पाटी काढून आणखी दोन फूट वर, रस्त्यावरून दिसेल अशी ठोकली. डाव्या हाताने.