यजमान, वय वर्षे चार

दिवाकर गुरुजी चार वर्षांच्या मुलांना अहो-जाहो करतात. "यजमान, चड्डी सांभाळा." "यजमान, वाळू डोक्यावर नको, बादलीत." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गुरुजी चेष्टा करताहेत. पण चाळीस वर्षं रामकुंडावर ज्याचं नाव वहीत लिहिलं त्याला त्यांनी यजमान म्हटलं. आता नाव लिहायला समोर ही मंडळी आहेत, एवढाच काय तो फरक.

माझा नातू धवल हा या यजमानांपैकी एक. इंदिरानगरात गुरुजींच्या सूनबाई उत्तरा 'भिरभिरं' नावाचं खेळघर चालवतात. सकाळी बालवाडी, दुपारी पाळणाघर. मी त्याला सोडायला आणि आणायला जातो, आणि मधल्या वेळात त्याची काळजी करतो. सेवानिवृत्तीनंतर एवढं काम मला पुरतं.

भिरभिऱ्यात शिकवत नाहीत, खेळू देतात. पाणी, वाळू, ठोकळे, जुन्या साड्यांचे तंबू. सहा वर्षांपर्यंत हातात पेन्सिल नाही. उत्तराताईंचा यावर ठाम विश्वास आहे आणि पालकांचाही आहे, फक्त संध्याकाळी साडेपाचला तो थोडा डळमळतो. "आज काय शिकवलं?" असं विचारल्यावर "पाण्यात खेळला" हे उत्तर आलं, की भल्याभल्या बापांचा चेहरा पडतो. म्हणून रोज काय घडलं त्याची एक टिपणी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायची. ती संजनाताई लिहायच्या. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि उत्तराताई सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबा, तुमचं अक्षर चांगलं आहे. तीन महिने लिहाल का?"

आता गुरुजींचं अक्षर म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाहेरगावचं कुटुंब नाशिकला स्नानाला, विधीला आलं, की त्या गावाचे ठरलेले गुरुजी असतात. कोण आलं, बरोबर कोण, नातं काय, वय किती, हे गुरुजी वहीत लिहितात आणि खाली यजमानाची सही घेतात. तीस वर्षांनी नातू आला की तेच पान काढून त्याला आजोबांची सही दाखवतात. माणसं तिथं उभ्या उभ्या रडतात. गुरुजींच्या घराण्याकडे वऱ्हाडातली काही गावं आहेत. पाच वर्षांपूर्वी गुडघ्यांनी घाटाच्या पायऱ्यांना कायमचा नमस्कार केला, काम पुतण्याकडे गेलं आणि जुन्या वह्या तेवढ्या घरी राहिल्या. पुढं त्यांची खोलीच खेळघरात गेली. आता वह्यांच्या त्याच कपाटात खालच्या तीन खणांत ठोकळे आहेत आणि सगळ्यात वरच्या खणात लाल फडक्यात बांधलेलं वऱ्हाड.

त्या पाच वर्षांत गुरुजींनी फक्त पेपरातली शब्दकोडी सोडवली. त्यामुळे सुनेनं वही पुढे केली तेव्हा त्यांनी आधी स्नान केलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी नोंदणीला सुरुवात केली.

"यजमान, मूळ गाव कोणतं?"

"वरचा मजला," धवल म्हणाला.

"आजोबांचं नाव?"

"आबा."

"पणजोबांचं?"

धवलनं विचार केला. "मोठे आबा."

गुरुजींनी तसंच लिहिलं. यजमान सांगेल ते लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, ही रीत. पालकांना मूळ गावं विचारून बाकीच्या जागा भरल्या. एका नावापाशी मात्र ते थांबले. कुमारी स्वानंदी, वय चार, मूळ गाव दर्यापूर, वऱ्हाड. गुरुजींनी स्टूल मागवलं, वरच्या खणातून एक वही काढून घेतली, पान पाहिलं, स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं आणि वही परत बांधून टाकली.

"काय सापडलं हो?" मी विचारलं.

"वही आमच्याकडे असते, पण पान यजमानाचं," गुरुजी म्हणाले. "त्यानं मागितल्याशिवाय उघडायचं नाही." आणि त्यांनी विषय बदलला. फारच पटकन बदलला.

टिपण्या मात्र जोरात सुरू झाल्या. गुरुजी दिवसाचं एक लांब पान लिहीत, उत्तराताई त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकत. वाचायला त्यांना वेळच नसे, कारण तेव्हा त्यांच्या मांडीवर कोणीतरी झोपलेलं असे.

"चि. धवल हे नऊ वाजता आजोबांचे बोट धरून रडत आले. सव्वानऊस रडे थांबले. आजोबा साडेनऊपर्यंत फाटकाबाहेर उभे होते, ते गोजराबाईंनी घालवले." हे साऱ्या ग्रुपनं वाचलं. मी दोन दिवस मान खाली घालून गेलो.

पण त्याच पानावर खाली होतं: "लहान डब्याने सात वेळा पाणी ओतले की मोठी बादली भरते, हे चि. धवल यांनी आज स्वतः शोधून काढले. कोणी सांगितले नव्हते. आठव्यांदा ओतून पाहिले. सांडले. आनंद झाला." हे मी माझ्या मुलाला वाचून दाखवलं, त्यानं बायकोला दाखवलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात "आज काय शिकवलं?" हा प्रश्न बंद झाला.

मग तो मंगळवार आला.

"कु. स्वानंदी यांनी चि. धवल यांच्या डाव्या दंडास चावा घेतला. कारण लाल बादली. प्रत्यक्ष पाहणार, गोजराबाई. विचारले असता कु. स्वानंदी यांनी 'हो, चावले' असे सांगितले." आणि खाली सही. जांभळ्या खडूनं काढलेला एक गोल आणि त्याला चार पाय.

गोजराबाई म्हणजे खेळघराच्या मावशी, चांदवडकडच्या. त्यांनी गुरुजींना तेव्हाच बजावलं होतं. "गुर्जी, लय लिव्हता तुम्ही. प्वार चावलं तर चावलं. दात हायेत तर चावनारच. त्याचा कागुद कशाला?"

"घडलं ते लिहिलं."

"घडलं ते समदं लिव्हायचं नसतं. नाय तर माझ्या सासूवर चार वह्या भरल्या असत्या."

रात्री आठला ग्रुपवर स्वानंदीचे वडील विहंग उतरले. विहंग अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातले दोष काढायचे, हे त्यांचं काम, त्यामुळे स्वतःच्या घरी दोष निघण्याची त्यांना सवय नव्हती. 'हे अनप्रोफेशनल आहे', 'माझ्या मुलीची बदनामी', असे एकामागून एक मेसेज आले. शेवटी त्यांनी एका ॲपची जाहिरात टाकली. त्यात रोज प्रत्येक मुलापुढे एक चेहरा येतो: हसरा, रडका किंवा मधला. लिहायचं काहीच नाही. चेहरा दाबला की झालं. "रविवारच्या पालकसभेत निर्णय घ्या," असं त्यांनी लिहिलं आणि सहा पालकांनी अंगठे दाखवले.

बुधवारी गुरुजी फाटकाशी भेटले. पेन खिशाला लावलेलं होतं, पण टोपणाशी चाळा चालला होता.

"उत्तरा म्हणते, पालक म्हणतील तसं. तिचं बरोबर आहे, तिला खेळघर चालवायचंय," ते म्हणाले. "ॲप आलं तर मी काय, परत आडवे शब्द, उभे शब्द?"

मी म्हणालो, "आमचं मत तुम्हाला. चावा तर आमच्याच धवलला घेतलाय."

"तुमचं एक. त्यांचे सहा अंगठे."

रविवारी अकराला सभा भरली. पालक मुलांच्या खुर्च्यांवर बसले होते, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे कानाशी आले होते. मुलं पलीकडच्या खोलीत गोजराबाईंकडे. टेबलावर चहाचा थर्मास आणि पेढ्यांचा बंद खोका. गोजराबाईंची नात वैष्णवी दहावी झाली होती. उत्तराताईंनी जाहीर केलं, "पेढे सभा संपल्यावर."

विहंग उभे राहिले. त्यांची आई वत्सलाबाई शेजारीच पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. स्वानंदीला आणायला रोज त्याच येतात.

"मला व्यक्तिशः गुरुजींबद्दल आदर आहे," विहंग म्हणाले. एवढ्यावरून काय येणार ते सगळ्यांना कळलं. "पण एखाद्या मुलीवर 'चावली' असा शिक्का मारायचा, वर तिची सही घ्यायची, आणि ते तीस घरांत वाटायचं! ती चावलीच असेल कशावरून? मुलं काहीही विचारलं तरी 'हो' म्हणतात. आमच्या घरात हा प्रकारच नाही. आमच्या घराण्यात कोणी कधी कोणाला चावलेलं नाही!"

वत्सलाबाई एकदम पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

गुरुजी मान खाली घालून बसले होते. ते हळूच म्हणाले, "असं म्हणू नये, विहंगराव."

"का म्हणू नये?"

"नका म्हणू. एवढंच सांगतो."

"म्हणजे काय? तुमच्याकडे काही असेल तर दाखवा ना!"

गुरुजींनी मान वर केली. "यजमान मागताहेत का?"

"हो! मागतोय!"

"सर्वांसमक्ष?"

"सर्वांसमक्ष!"

"विहंग, बस खाली," वत्सलाबाई पर्समध्ये तोंड घालून म्हणाल्या. पण क्वालिटीवाला माणूस पुरावा मागितल्यावर बसत नाही.

गुरुजींनी स्टूल मागितलं नाही. गुडघ्यांसकट स्वतःच स्टुलावर चढले आणि वरच्या खणातून लाल फडकं काढलं. दर्यापूरचं पान त्यांना शोधावं लागलं नाही, कारण त्यात आमच्या सभेच्या नोटिशीची घडी खूण म्हणून ठेवलेली होती. म्हणजे नोटीस निघाल्यावर त्यांनी ते पान पुन्हा काढून पाहिलं होतं, आणि तरी कोणाला दाखवलं नव्हतं.

त्यांनी वाचलं नाही. वही विहंगच्या हातात दिली. विहंगनं ठसक्यात मोठ्यानं सुरुवात केली.

"'मौजे दर्यापूर. सन एकोणीसशे त्र्याण्णव. यजमान आपल्या मातोश्रींस गोदास्नान घडविण्यास आले. सोबत पत्नी सौ. वत्सला, पुत्र चि. विहंग, वय ४. पूजेच्या वेळी चि. विहंग यांनी पेढा मागितला. नैवेद्य व्हायचा होता, सबब दिला नाही...'"

इथं विहंग अडखळले. पण आता सारी सभा पुढं झुकली होती. मुलांच्या खुर्च्या करकरल्या.

"वाच की," वत्सलाबाई म्हणाल्या. "मागितलंस ना?"

"'...सबब माझ्या उजव्या करंगळीस चावले. रक्त आले. नंतर पेढा दिला. शांत.'"

खाली बापाची सही होती, आणि बापाच्या सहीशेजारी, बहुधा पेन मागून घेऊन काढलेला, एक वाकडा गोल. त्याला तीन पाय होते.

गुरुजींनी उजवा हात पुढे केला. करंगळीवर लहानशी पांढरी खूण होती. ती सभेत खुर्च्याखुर्च्यांवरून फिरली, म्हणजे गुरुजींसकट.

"मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं," वत्सलाबाई हसू आवरत म्हणाल्या, "लेकराला आधी पेढा द्या, देव काही रागवत नाही. ऐकलं नाही. आणि हा एकटा नाही हो गुरुजी, ह्याचे वडीलसुद्धा लहानपणी..."

"आई!"

"बरं बाई, नाही सांगत. ह्यांचं पान कुठंय, गुरुजी?"

सभेत हसू फुटलं. उत्तराताई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते. विहंग वहीतल्या त्या गोलावरून बोट फिरवत होते. मग गुरुजीच बोलले.

"चूक माझी झाली. घाटावर चाळीस वर्षांत मी कधी एकाचं पान दुसऱ्याला दाखवलं नाही. इथं मात्र सगळ्यांचं एका कागदावर लिहिलं, आणि तो कागद गावभर गेला. मुलं लहान म्हणून त्यांचं पान सार्वजनिक होत नाही. विहंगरावांचा राग खरा आहे."

सभेला हे अपेक्षित नव्हतं. विहंगला तर अजिबातच नव्हतं.

"मग... वेगळी पानं ठेवता येतील?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, ज्याचं त्याला?"

"ज्याचं त्याला. मागितलं तर."

"आणि लिहाल सगळं?"

"घडेल ते."

विहंगनं वही मिटली, दोन्ही हातांनी परत केली आणि ते म्हणाले, "ॲप राहू द्या." सहा अंगठ्यांपैकी एकही वर आला नाही.

तेवढ्यात गोजराबाई दारात आल्या. "ताई, सभा उरकली का? पेढं वाटा. आत गुर्जींच्या यजमानांनी दोनदा इचारलंय, आन स्वानंदी माझ्या हाताकडं बगायला लागलीय."

मंगळवारपासून तीस वेगळ्या वह्या सुरू झाल्या आणि ग्रुपवर फक्त सुट्टीच्या सूचना येऊ लागल्या. धवलच्या वहीत काय असतं ते मी सांगणार नाही, पान त्याचं आहे. पण स्वानंदीच्या वहीतलं पहिलं पान मी वाचलंय, कारण फाटकाशी विहंगनं मला थांबवून स्वतःच दाखवलं. गुरुजींनी सुरुवात रविवारच्या नोंदीनं केली होती.

"आज पालकसभा. कु. स्वानंदी या गोजराबाईंकडे सुखरूप होत्या, कोणास चावल्या नाहीत. वडील चि. विहंग, वय ३६, हे आले तेव्हा रागात होते. सभेअंती पेढा दिला. शांत."

खाली विहंगची सही होती. आणि सहीशेजारी, जांभळ्या खडूनं, एक गोल.