आधी वरवंटा

काष्टीतल्या आमच्या शेजाऱ्यांची लेक लांब कुठंतरी अंतराळवीरांच्या यानाची पॅराशूटं शिवते. सुट्टीला आली, की बोलता बोलता समोरच्याच्या पिशवीच्या नाहीतर बाहीच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहते. नातीच्या बारशाला मी शिवलेल्या झोळीवरूनही तिनं तो फिरवला. रिवाजाप्रमाणे बाळाआधी टोपडं घातलेला वरवंटा आम्ही झोळीत अलगद ठेवणार, तोच तिनं तो उचलला, डोक्याच्या वर नेला आणि सोडून दिला.

टर्रकन शिवण फाटली. वरवंटा फरशीवर आदळला, फरशीला तडा गेला. पाळणा म्हणणाऱ्या बायका मागं सरकल्या. मी नातीला छातीशी घट्ट धरलं.

"काकू, तिकडं बी आमी पयल्यांदा माणूस न्हाई बसवत," ती म्हणाली आणि माझ्याकडं सुईदोरा मागितला.